आत्याबाईंचा नारिंगी रंग

काचेच्या त्या खोलीसमोर ती इतका वेळ उभी होती की सहलीला आलेली शाळेची मुलं सरडा सोडून तिच्याकडेच बघायला लागली. आत वाकड्यातिकड्या फांद्या होत्या, रुंद पानं होती, आणि ‘रंग बदलणारा सरडा’ अशी ठसठशीत पाटी होती. सरड्याचा तेवढा पत्ता नव्हता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून ती या प्राणिसंग्रहालयात आली होती आणि आता तिला चक्क फसवल्यासारखं वाटत होतं.

“तुम्ही उगाच वर शोधताय,” मागून कुणीतरी म्हणालं. “त्या खाली बसल्यात. आणि मघापासून तुमच्याकडेच बघताहेत.”

तिने वळून पाहिलं. हिरवा डगला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याची नळी… आणि आपण फार विनोदी आहोत अशी खात्री असलेल्या माणसाचं हसू.

“त्या म्हणजे?”

“आत्याबाई.”

त्याने बोट दाखवलं तिकडे तिने पाहिलं, आणि मग एकदम दिसलं. पानाचाच तुकडा वाटावा असा कोवळ्या हिरव्या रंगाचा एक जीव फांदीला चिकटून बसला होता. त्याचा एक डोळा तिच्यावर होता, दुसरा गोंगाट करणाऱ्या मुलांवर. दोन डोळे दोन दिशांना फिरवायची सोय असल्यामुळेच हे नाव पडलं, असं त्याने सांगितलं. घरात पाहुणे आले की आत्याबाईंचा एक डोळा पाहुण्यांवर असतो आणि एक स्वयंपाकघरावर, तसं.

तिला हसू आलं. हसायचं नाही असं ठरवलेलं असताना आलं, म्हणून जरा जास्तच आलं.

तो तिथला डॉक्टर होता. साप, सरडे, कासवं, सुसरी, जे जे पोटावर चालतं ते सगळं त्याच्या ताब्यात. आणि ती एका कापडाच्या कंपनीत काम करत होती, पण साड्या नि पडद्यांच्या नव्हे. तिच्या खोलीत कापड ताणायचं एक यंत्र होतं, एक प्रखर दिवा होता आणि जखमेवर बांधायच्या पट्ट्यांचे ढीग होते. तिला अशी पट्टी बनवायची होती, जी फार घट्ट बांधली गेली तर स्वतःच रंग बदलून सांगेल.

हे वेड तिच्या डोक्यात का शिरलं, तेही तिने पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकलं. खरं म्हणजे ती अशी कुणालाही काही सांगणाऱ्यांतली नव्हती. तिच्या आईचा हात एकदा मोडला होता. शस्त्रक्रियेनंतर हात बधिर होता आणि पट्टी जास्तच आवळली गेली होती. दुखलं असतं तर आई बोलली असती. पण दुखतच नव्हतं. पट्टी सोडली तेव्हा उशीर झाला होता. आईची दोन बोटं त्यानंतर कधी मिटली नाहीत. आई आजही चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आणि कुणी विचारलं तर म्हणते, असा धरला की हाताला गरम लागतो, बरं वाटतं.

“म्हणजे ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने पट्टीने बोलायचं,” तो म्हणाला. हे म्हणताना तो हसत नव्हता. तिला तो तेव्हाच आवडला. पुढे मावशीने शंभरदा विचारलं तरी तिने हे कबूल केलं नाही, पण आवडला तो तेव्हाच.

त्यानंतर ती दर आठवड्याला यायला लागली. कामासाठीच. निदान ऑफिसात तसं सांगत होती.

काम खोटं नव्हतं म्हणा. सरड्याच्या कातडीत नुसते रंगच भरलेले नसतात. कातडीखाली अगदी बारीक स्फटिकांची जाळी असते. ती जाळी दाटीवाटीची असली की कातडी हिरवी दिसते, आणि स्फटिक एकमेकांपासून लांब सरकले की तीच कातडी पिवळी, मग नारिंगी होते. वेगळा रंग लागत नाही, नुसतं अंतर बदलावं लागतं. तिला कापडात हेच आणायचं होतं. पट्टी सैल असताना हिरवी, ताण वाढला की पिवळी, आणि रक्त अडेल इतकी आवळली की नारिंगी. त्याने हे सगळं कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि परीक्षेनंतर इमानदारीने विसरला होता. तिने यंत्रावर पट्टीचा तुकडा ताणून दाखवला तेव्हा तो लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा ताणत बसला. शेवटी तो तुकडा त्याने फाडलाच.

“भरून द्या,” ती म्हणाली.

“पगार झाल्यावर,” तो म्हणाला. “तोवर चहावर भागवा.”

तिला स्फटिक कळत होते, पण आत्याबाई कळत नव्हत्या. त्या त्याने शिकवल्या. सकाळी काचेच्या खोलीत छताच्या बारीक नळ्यांतून पाऊस पाडायची वेळ असे. तेवढाच, पानांवर थेंब साचण्यापुरता. सरडे वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचा थेंब चाटतात. त्या वेळी तो तिला आत घेऊन जाई. छत्री न्यायची नाही, कारण काळं काही पसरलेलं दिसलं की आत्याबाईंना गरुड आल्यासारखं वाटतं. म्हणून दोघंही भिजत. छताखाली, चार भिंतींच्या आत, बाहेर लख्ख ऊन असताना भिजत.

“हा फिकट हिरवा म्हणजे निवांत,” तो हळू आवाजात सांगे. “गडद झाल्या की थंडी वाजतेय, ऊन हवंय. आणि अंगावर काळपट पट्टे आले, मधेमधे नारिंगी उमटलं, की समजायचं, लांब राहा. भ्यायल्यात. बघणाऱ्याला तो रंग सगळ्यात सुंदर वाटतो. लोक फोन काढतात. आणि त्या बिचाऱ्या जीव तोडून सांगत असतात, जा, जा, जा…”

“मला वाटायचं, ते लपण्यासाठी रंग बदलतात.”

“सगळ्यांनाच वाटतं. आणि एखादा माणूस खोटा निघाला की लोक म्हणतात, सरड्यासारखा रंग बदलला. अहो, पोटात एक आणि अंगावर एक, हे यांना जमतच नाही. ते आपल्याला जमतं.”

मग तो तिची परीक्षा घेई. डोळे मिटायला लावी, उघडायला लावी आणि विचारी, आत्ता काय म्हणताहेत? सुरुवातीला तिचं हमखास चुकायचं. हळूहळू चुकेना. रंग नीट उमटायच्या आधी गळ्याजवळ एक सावली हलते, ती तिला दिसायला लागली. एकदा तर त्याच्या आधी तिनेच म्हटलं, “त्यांना तुमचा नवा डगला आवडलेला नाही.” आणि खरंच, आत्याबाई गडद होऊ लागल्या होत्या. तो डगला काढून बाहेर ठेवून आला. आत आला तो तिच्याकडे बघतच राहिला.

“काय?”

“काही नाही. आजवर हे वाचता येणारा मी एकटाच होतो इथे. आता…” तो थांबला. वरून पाऊस पडतच होता. “तुझ्या पापणीवर थेंब आहे.”

तुमच्या नाही, तुझ्या. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही लक्षात न आल्यासारखं केलं. ती थेंब पुसायचंही विसरली. आत्याबाईंचा एक डोळा पानावर होता आणि एक यांच्यावर.

घरी मावशीला पत्ता लागायला वेळ लागला नाही. मावशी आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून यांच्याकडेच राहायची आणि घरातल्या हवेतला बदल तिला सगळ्यांच्या आधी कळायचा. पोरगी आठवड्यातून एकदा ओल्या केसांनी घरी येते आणि बाहेर तर ढगाचा पत्ता नाही, हे तिने बरोबर हेरलं. सरड्यांच्या डॉक्टरशी ओळख झाली आहे हे कळल्यावर तिने एकच विचारलं, हुशार असेल तर माणसांचा का नाही झाला? आईने मात्र असलं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, घरी आण एकदा, चहाला. आणि दोन्ही हातांत कप धरून खिडकीशी जाऊन बसली.

तो आला चहाला. मावशीला त्याने पहिल्या दहा मिनिटांत खिशात घातलं. आईचा हात मात्र त्याने फार हळुवारपणे हातात घेतला, न मिटणारी बोटं एकेक करून बघितली आणि म्हणाला, तुमची मुलगी पट्टी बनवेल, नक्की बनवेल. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. त्या क्षणी कुणी तिच्या अंगावर रंग उमटवायची सोय केली असती तर साऱ्या गल्लीला दिसला असता.

पट्टी तयार झाली. यंत्रावर हिरवीची पिवळी आणि पिवळीची नारिंगी व्हायला लागली. आता ती कुणाच्या तरी हातावर, पायावर बांधून बघायला हवी होती आणि त्यासाठी एका मोठ्या रुग्णालयाची परवानगी हवी होती. तिथल्या चार डॉक्टरांची समिती कंपनीत येऊन पट्टी बघणार होती. त्यांनी हो म्हटलं तर वर्षभरात पट्टी वॉर्डात गेली असती. नाही म्हटलं तर कंपनी हे काम बंद करणार होती. तिच्या विभागाच्या मॅडमनी हे तिला स्पष्ट सांगितलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनीच आजवर हे काम तगवून धरलं होतं. पण दिवसभर नव्या नव्या वस्तू बघून कंटाळलेल्या डॉक्टरांसमोर नुसती पट्टी ताणून दाखवली तर ते जांभया देतील, हेही त्यांना माहीत होतं.

“तुझ्या त्या सरड्याला आणता येईल का?” मॅडमनी विचारलं. “फक्त समोर बसलेला असू दे. कल्पना कुठून आली ते एका नजरेत कळेल.”

प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांना यात प्रसिद्धी दिसली, ते लगेच तयार झाले. पण शेवटचा शब्द डॉक्टरचा होता. प्राण्याची तब्येत बरी नाही असं त्याने म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

त्याला विचारायला ती गेली तेव्हा तो लगेच तयार झाला नाही. आत्याबाईंनी अंडी धरली असावीत असा त्याला संशय होता. सरड्यांच्या माद्या नराशिवायही अंडी धरतात. अशा दिवसांत त्यांना धक्का सोसत नाही, घाबरल्या तर अंडी पोटातच अडकतात. पण अजून नक्की नव्हतं. हाताला काही लागत नव्हतं. फक्त संशय.

“नको असेल तर नाही म्हण,” ती म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज जरा कापला, आणि तो त्याने ऐकला.

“थोडाच वेळ,” तो शेवटी म्हणाला. “आणि एक ठरवू. तिथे मी जवळ उभा राहिलो तर त्या मला बघून उतरायला धडपडतील. मी मागे दाराशी थांबतो पेटी घेऊन. तू समोर असशील. गळ्याशी सावली दिसली की तू थांबायचंस आणि मला बोलवायचंस. कितीही महत्त्वाचं चाललेलं असो.”

“थांबेन.”

“तू असशील म्हणूनच नेतोय. दुसरं कुणी असतं तर नसत्या नेल्या.”

तिने त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. कासवाच्या तळ्याशी, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. समितीचं पार पडू दे, मग मला तुला काही सांगायचंय, असं ती म्हणाली. तो म्हणाला, मलाही. आणि मग दोघंही उगाच कासवांकडे बघत बसली.

त्या दिवशी सगळं ठरल्यासारखं सुरू झालं. लांबट टेबल, मागे पडदा, टेबलावर कुंडीत रोवलेली फांदी आणि फांदीवर आत्याबाई, फिकट हिरव्या. शेजारी रबराचा एक हात, त्यावर बांधायची पट्टी. चारही डॉक्टर समोर येऊन बसले. तो सगळ्यांच्या मागे, दाराशी, पेटी घेऊन उभा. तिने बोलायला सुरुवात केली आणि मॅडमचं म्हणणं खरं होतं हे तिला लगेच कळलं. एक डॉक्टर फोनवर काहीतरी लिहीत होते. एकांनी घड्याळ पाहिलं. समितीच्या प्रमुख बाई दयाळूपणे हसत होत्या, आणि ते हसणं सगळ्यात वाईट होतं. असं हसून माणसं नाही म्हणतात.

तेव्हा खिडकीतून वाऱ्याने मागचा पडदा फुगला. काळा पडदा, पसरलेला.

गळ्याशी सावली हलली. ती तिला दिसली. इतकी स्पष्ट दिसली की वाक्याच्या मधेच ती अडखळली. मग खांद्यावर काळपट पट्टे उतरायला लागले, आणि त्यांच्यामधून, एखाद्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तसं, नारिंगी उजळलं.

फोन खाली ठेवला गेला. घड्याळ बघणारे डॉक्टर खुर्चीतून पुढे वाकले. “क्या बात है,” कुणीतरी पुटपुटलं. चौघंही उठून टेबलाभोवती आले, जवळ आले, आणि त्यांच्या पाठींनी मागचं दार झाकून टाकलं. आत्याबाईंनी तोंड किंचित उघडलं होतं आणि फांदीवर त्या मागेपुढे झुलत होत्या. जा, जा, जा…

“तुमची पट्टीसुद्धा असाच रंग घेते?” प्रमुख बाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या. आता त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

थांबायचं होतं. तिला माहीत होतं. दाराकडे बघून नुसतं त्याला हाक मारायची होती. पण तिच्या डोळ्यांसमोर आई आली, खिडकीशी दोन्ही हातांत कप धरून बसलेली. एवढंच दाखवते, तिने मनाशी म्हटलं, एवढंच, आणि मग…

“हो,” ती म्हणाली, “बघा.” आणि रबराच्या हातावर तिने पट्टी आवळली. हिरवी, पिवळी, नारिंगी. सरडा आणि पट्टी शेजारी शेजारी, एकाच रंगाची.

माणसं बाजूला सारत तो पुढे आला. आल्या आल्या त्याची नजर आत्याबाईंवर गेली, आणि मग तिच्यावर. ती आत्याबाईंकडेच बघत होती. तिने नजर वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा माणूस ओळखीच्या घराचं दार उघडतो आणि आत भलतीच माणसं राहत असतात, तसा तो दिसत होता. त्याने डगल्याने आत्याबाईंना झाकलं, पेटीत ठेवलं आणि तो निघून गेला.

समितीने तिथल्या तिथे हो म्हटलं. मॅडमनी तिला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.

आत्याबाईंनी खाणं सोडलं. अंडी होतीच पोटात, आणि ती बाहेर येईनात. ऑफिस सुटल्यावर रोज ती प्राणिसंग्रहालयात जायची. तो तिला कधी जा म्हणाला नाही. उलट दिवा धर, पाणी आण, असं साधं काही सांगायचा आणि ती ते करायची. त्याने शस्त्रक्रिया केली तेव्हाही ती काचेच्या बाहेर उभी होती. दोन दिवस आत्याबाई तगल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फोनवर म्हणाला, “गेल्या.” आणि तिला काही बोलायला न देता पुढे म्हणाला की हे कदाचित असंही झालं असतं, त्या दिवसामुळेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, डॉक्टर म्हणून तो तसं म्हणणारही नाही. तिने एवढंच विचारलं, आणि डॉक्टर म्हणून नाही तर? फोन बराच वेळ नुसता चालू होता.

मग ती जायची थांबली. काय तोंड घेऊन जाणार? मावशीने एकदोनदा विचारलं, डॉक्टर बरे आहेत ना, आणि तिचा चेहरा बघून मावशीनेसुद्धा विचारणं सोडून दिलं. घरात मावशी गप्प असणं म्हणजे काय ते त्या घरातल्यांनाच माहीत. आई रात्री तिच्या उशाशी येऊन बसायची आणि आपल्या अर्ध्या हाताने तिचे केस सारखे करायची. ते तिला सहन होत नसे.

पट्टी वॉर्डात गेली. सरत्या थंडीत एक दिवस रुग्णालयातून तिला फोन आला. एका तान्ह्या मुलाच्या पायाला पट्टी बांधली होती. मूल गुंगीत होतं, रडत नव्हतं. पट्टी नारिंगी झाली, नर्सचं लक्ष गेलं, तिने धावत जाऊन सोडली. पाय वाचला. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ आपल्या यंत्रासमोर नुसती बसून राहिली. ज्या एका गोष्टीसाठी तिने इतकी वर्षं घातली होती, ती झाली होती. आणि हे सांगावं असं तिला ज्याचं नाव पहिलं सुचलं, त्याच्याकडे ती तशीच उठून गेली.

तो कासवाच्या तळ्याशी होता, बाह्या वर करून, पाण्यात हात घालून. तिला बघून उठला. थोडा बारीक झाला होता. तिने उभ्या उभ्याच त्याला मुलाचं सांगितलं. तो हसला, अगदी मनापासून, पूर्वीसारखा, आणि ओल्या हातानेच तिचा खांदा दाबला. आईला सांगितलंस का, असं पहिलं विचारलं. अजून नाही, तुलाच आधी, असं ती म्हणाली. त्यावर त्याने खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.

दोघं तळ्याच्या कठड्यावर बसली. ती म्हणाली, मला सांगायचं होतं ते राहिलंच. आणि मग तिने सांगितलं. आढेवेढे न घेता, जसं होतं तसं. तिला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. त्याच्याशिवाय तिला दुसऱ्या कुणाशीही बोलावंसं वाटत नाही. त्या दिवशी तिने त्याला हाक मारली नाही, याचं दुःख तिला रोज सकाळी उठल्याबरोबर होतं, आणि तो रागावला असेल तर त्याचा राग तिला मान्य आहे, पण त्याने तो एकदा बोलून दाखवावा.

त्याने पाण्यावर तरंगणारं एक पान उचलून कठड्यावर ठेवलं.

“राग नाही गं,” तो म्हणाला. “राग कुणावर करू? नेल्या तर मीच ना. मी नाही म्हणू शकत होतो. तुझा आवाज ऐकला आणि म्हणवलं नाही. मला तू… मला तू आजही तेवढीच हवी आहेस. ते गेलेलं नाही, जातही नाही.”

“मग?”

“त्या खोलीत इतकी माणसं होती. त्यांना काही कळलं नाही, त्यांचं मला काहीच वाटत नाही. तुला कळलं होतं. मीच शिकवलं होतं तुला.” त्याने मान हलवली. “आता तू समोर बसलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघतो आणि मनात येतं, हिला दिसतंय, पण ही बोलेल का? नको असताना येतं. आत्ताही आलं. असं बघत बघत मला तुझ्याबरोबर राहायचं नाहीये. तुझ्यावरही अन्याय आणि माझ्यावरही.”

तिला रडू फुटलं नाही. त्याच्याकडे वळून, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, “आता बोलेन मी. कुठेही, कुणाहीसमोर. काहीही चाललेलं असलं तरी.”

“हो,” तो म्हणाला. “आता बोलशील. माहीत आहे मला.”

त्यात शंका नव्हती, टोमणा नव्हता. त्याचा खरोखर विश्वास होता, आणि म्हणूनच यापुढे बोलायला काही उरलं नाही. तो उठला, बाह्या खाली केल्या आणि फाटकापर्यंत तिला सोडायला आला. बस यायला वेळ होता. ती येईपर्यंत तो शेजारी उभा राहिला, आईच्या तब्येतीचं विचारत, मावशीचं विचारत. बस आली तेव्हा त्याने हात वर करून ती थांबवली, तिला चढू दिलं, आणि वळून आत गेला.